व्हिसासाठी आणखी कागद मागितले तर...



एके काळी आपल्या घरातून परदेशी जाणारा माणूस म्हणजे आखातात नोकरीला निघालेला मुलगा, नाहीतर हज-उमराहला निघालेले आजी-आजोबा. मुलाचे कागद कंपनी बघायची, आजी-आजोबांचे टूरवाले. आता चित्र बदलले आहे. कुणाची मुलगी लग्न होऊन लंडनला गेली आहे, कुणाचा मुलगा टोरांटोत शिकून तिथेच नोकरीला लागला आहे, कुणाचा पुतण्या जर्मनीत आहे. मुलीचे दिवस भरत आले की अम्मीचा जीव इकडे राहत नाही. आणि या खेपेला अर्ज आपला आपणच करायचा असतो.

अर्ज भरून होतो, बोटांचे ठसे देऊन होतात, फी भरली जाते. घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग आठ-दहा दिवसांनी ई-मेल येतो की निर्णय घेण्यासाठी पुढील कागदपत्रे पाठवा. घरात एकदम शांतता पसरते. कोणी म्हणते, "झालं, आता काही मिळत नाही." कोणी म्हणते, "आपल्या नावामुळेच मागतात." कोणी एजंटाचा नंबर शोधू लागते. आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा कपाटातली सगळी फाइल स्कॅन करायला बसतो.

जरा थांबा. समोरच्या अधिकाऱ्याने तुम्हाला पाहिलेले नाही. तुमचे घर, तुमची गल्ली, तुमचा शब्द यांतले काही त्याला ठाऊक नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आहेत आणि त्या कागदांत त्याला एक जागा रिकामी किंवा विसंगत दिसली आहे. तेवढ्यापुरता त्याने प्रश्न विचारला आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक जे सांगतो तेच इथे लागू पडते. प्रश्न दोनदा वाचा. विचारले आहे त्याचेच उत्तर द्या. खरे लिहा आणि वेळेत द्या.

कोणता देश कसा विचारतो

सगळ्या देशांची रीत सारखी नाही. ती आधी माहीत असली तर निम्मी धास्ती कमी होते.

ब्रिटनला नातेवाइकांच्या भेटीसाठी 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा लागतो. एका भेटीत साधारणपणे ६ महिन्यांपर्यंत राहता येते. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३ महिने अर्ज करता येतो आणि निर्णय बहुधा ३ आठवड्यांत येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कमी पडलेला कागद मागून घेण्याचे बंधन तिथल्या अधिकाऱ्यावर नाही. हाती आहे त्यावर तो थेट नकारही देऊ शकतो. त्यामुळे ब्रिटनकडून आणखी कागदांची मागणी आली, तर तुम्हाला बोलायची एक संधी मिळाली आहे असे समजा.

फ्रान्स, जर्मनी, इटलीसारख्या युरोपातल्या २९ देशांसाठी शेंगेन व्हिसा असतो. त्यांच्या नियमाप्रमाणे निर्णय साधारण १५ दिवसांत व्हायला हवा, पण आणखी तपासणी करायची असेल किंवा कागद मागवायचे असतील तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. अर्ज मात्र प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. म्हणून १५ दिवसांचा हिशेब धरून तिकीट काढू नका. या व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा लागतो. विम्याच्या तारखा आणि प्रवासाच्या तारखा जुळत नाहीत, एवढ्याशा कारणानेही कागद परत मागितले जातात.

अमेरिकेत मुलाखत होते. मुलाखतीनंतर काही जणांच्या हातात एक चिठ्ठी येते, तिच्यावर कलम २२१(जी) असे लिहिलेले असते. कायद्याच्या भाषेत हा त्या दिवसापुरता नकारच असतो, पण दार बंद झालेले नसते. चिठ्ठीत मागितलेले कागद देण्यासाठी १ वर्षाची मुदत असते. ती उलटली की नवा अर्ज आणि नवी फी. याच्याशी कलम २१४(बी) ची गल्लत करू नका. ते लावले म्हणजे 'तुम्ही परत जाल याची खात्री पटली नाही' असा अर्थ होतो. तिथे कागद मागितलेला नसतो, त्यामुळे मागाहून कागद पाठवून उपयोग होत नाही. परिस्थिती बदलल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो.

कॅनडाची मागणी तुमच्या ऑनलाइन खात्यात पत्राच्या रूपाने येते आणि त्यात मुदत दिलेली असते. मुदतीत उत्तर गेले नाही तर आहे त्या कागदांवर निर्णय होतो, आणि तो बहुधा आपल्या बाजूचा नसतो.

आणखी एक. ठसे आणि कागद घेणाऱ्या व्हीएफएससारख्या केंद्रातल्या खिडकीवरचा मुलगा किंवा मुलगी निर्णय घेत नाही. त्यांच्याशी हुज्जत घालून किंवा त्यांची विनवणी करून काही साधत नाही. निर्णय वकिलातीतला किंवा त्या देशाचा व्हिसा अधिकारी घेतो.

मागणीमागचे चार प्रश्न

कागदांची यादी कितीही लांब असली तरी तिच्यामागे चारच प्रश्न असतात. तुम्ही कोण? ज्यांच्याकडे जाता ते तुमचे कोण? खर्च कोण करणार? आणि परत कशावरून येणार?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण आपल्या घरांत सगळ्यात जास्त अडचण तिथेच होते. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव लिहितात. दहावीच्या प्रमाणपत्रावरही आडनाव पहिले येते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. आधारवर सरळ क्रमाने नाव असते. आपल्याला कळते की हा एकच माणूस आहे. परदेशातल्या अधिकाऱ्याला तीन माणसे दिसतात.

त्यात स्पेलिंगची भर. शेख हे आडनाव एका कागदावर 'ए-आय' घालून लिहिलेले, दुसऱ्यावर 'डबल ई' घालून. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे मुहम्मद, कुठे महमद, तर कुठे नुसते 'एम-डी' किंवा 'एम-ओ-एच-डी'. बायकांच्या नावामागे रेशन कार्डावर 'बी', मतदार यादीत 'बानो', निकाहनाम्यात 'बेगम' किंवा 'खातून', आणि पासपोर्टवर यातले काहीच नाही. लग्नाआधी वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे जे नाव आहे ते आईच्या पासपोर्टशी जुळत नाही. म्हणून अधिकारी विचारतो की ही बाई त्या मुलीची आईच कशावरून?

ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांची आणखी पंचाईत. अमेरिकेच्या व्हिसावर अशांचे एकुलते एक नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफ-एन-यू', म्हणजे 'पहिले नाव माहीत नाही', असे छापले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनेही पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश न देण्याचा नियम लागू केला. नंतर पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा आला. पासपोर्ट नव्याने काढायची वेळ आली की नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेले आहेत ना, हे जरूर बघा.

जन्मतारखेचेही तसेच. जुन्या पिढीतल्या कित्येकांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. कारण उघड आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींनी वयाचा अंदाज बांधून तारीख टाकली. त्यांच्याच आधारवर कधी १ जानेवारी असते. अशा वेळी नवी तारीख शोधत बसू नका. पासपोर्टवर जी तारीख आहे ती धरून चाला आणि फरक का पडला ते दोन ओळींत लिहा. जन्माची नोंदच नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मिळतो. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या रजिस्टरचा निर्गम उतारा जोडता येतो. नावांतल्या फरकासाठी 'ही दोन्ही नावे माझीच आहेत' असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र द्यावे. नाव खरोखर बदलले असेल तर शासनाच्या राजपत्रातली, म्हणजे गॅझेटमधली, प्रसिद्धी हा भक्कम पुरावा ठरतो.

दुसरा प्रश्न नात्याचा. निकाहनामा आपल्याकडे बहुधा उर्दूत असतो. शहर काझीच्या किंवा जमातीच्या रजिस्टरमधून दिलेला, हाताने लिहिलेला, कधी फक्त हिजरी तारीख असलेला. तो पाठवायचा तर सोबत इंग्रजी भाषांतर हवेच. ब्रिटनची अट स्पष्ट आहे. हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे असे भाषांतरकाराने लिहून द्यायचे, त्याखाली तारीख, त्याचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता हवा. उर्दू शिकवते म्हणून माझ्याकडेही शेजारपाजारचे लोक निकाहनामे घेऊन येतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. घरातल्या माणसाकडून भाषांतर करून घेऊ नका, त्याच्यावर विश्वास बसत नाही. आणि भाषांतरात हिजरी तारखेसोबत इंग्रजी तारीख व नावांचे पासपोर्टवरचे स्पेलिंग कंसात येऊ द्या, म्हणजे वाचणारा अडखळणार नाही.

निकाहनाम्याबरोबर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असेल तर काम फारच सोपे होते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिका-महापालिकेत विवाहाची नोंद होते. लग्नाला वीस वर्षे झाली असली तरी नोंद करता येते, थोडे शुल्क जास्त पडते इतकेच. मात्र उशिरा नोंदणी केली तर त्या कागदावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी दिसते. अर्जात लग्नाचीच तारीख लिहा. हा फरकही लोकांना नडतो.

तिसरा प्रश्न पैशांचा. सहसा ६ महिन्यांचे बँकेचे विवरण मागतात. अधिकारी नुसती शिल्लक बघत नाही, पैसा कुठून आला ते बघतो. महिनाभर आधी खात्यात एकदम चार लाख जमा झालेले दिसले की प्रश्न येणारच. भिशी उचलली असेल, दागिना मोडला असेल, जमिनीचा तुकडा विकला असेल, मुलाने तिकडून पाठवले असतील. कारण चांगलेच असते, पण खात्यावर ते लिहिलेले नसते. म्हणून सराफाची पावती, विक्रीचा दस्त, मुलाच्या बँकेची पैसे पाठवल्याची नोंद, जे असेल ते जोडा. भिशीला कागद नसतो, तिथे भिशी चालवणाऱ्याचे सहीचे पत्र आणि आपल्या खात्यातून दरमहा गेलेली रक्कम दाखवता येते. पुढे परदेशी जायचा विचार असेल तर आतापासूनच भिशीचे पैसे बँकेतून द्या-घ्या.

खर्च मुलगा किंवा जावई करणार असेल तर त्याचे पत्र पुरेसे नाही. त्याची पगारपत्रके, बँकेचे विवरण, तिथे राहण्याच्या परवान्याचा पुरावा आणि तुमचे नाते सिद्ध करणारा कागद, हे सगळे एकत्र गेले तरच त्या पत्राला वजन येते.

चौथा प्रश्न परत येण्याचा. आपल्या बायका इथे गोंधळतात. "मी तर गृहिणी, मला नोकरी नाही, मी काय दाखवू?" दाखवायला बरेच असते. नवऱ्याची नोकरी किंवा दुकानाचा परवाना, घराची घरपट्टीची पावती, सातबारा, धाकट्या मुलाचे शाळेचे बोनाफाईड, सासूबाईंचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांचे पत्र. नोकरदाराने रजा मंजुरीचे पत्र द्यावे. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर खात्याची परदेश प्रवासाची परवानगी वेळेआधी मागून ठेवा, ती येता येता महिना जातो.

आणि जुना पासपोर्ट फेकू नका! ज्या अम्मीने दहा वर्षांपूर्वी उमराह केला, ठरल्या दिवशी परत आली, तिच्या जुन्या पासपोर्टवर जाण्या-येण्याचे शिक्के आहेत. 'ही बाई परदेशी जाते आणि परत येते' याचा तो पक्का पुरावा आहे. आजकाल उमराहचा व्हिसा कागदावर येतो, पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. त्याची प्रतही जपून ठेवा.

नावावरून होणारी चौकशी

आता ज्या गोष्टीबद्दल आपण घरात हळू आवाजात बोलतो, तिच्याबद्दल. आपली नावे बघून जास्त विचारतात का? मुलांनी हे मला वर्गातही विचारले आहे आणि मी त्यांना 'असे काही नसते' म्हणून गप्प केलेले नाही. २००१ नंतर पाश्चात्त्य देशांत सुरक्षा तपासणी कडक झाली आणि तिचा भार आपल्या नावांच्या लोकांवर जास्त पडला, हे जगजाहीर आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये शाहरुख खानसारख्या अभिनेत्यालाही अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले होते.

त्यामागे एक यांत्रिक कारणही असते. प्रत्येक अर्जदाराचे नाव संगणकावर याद्यांशी ताडून पाहतात. आपल्याकडे खान, शेख, सय्यद, मोहम्मद, अब्दुल ही नावे लाखोंनी आहेत. जगात कुठल्यातरी दुसऱ्या माणसाशी नाव जुळले की संगणक थांबतो आणि 'तो माणूस हा नव्हे' याची खात्री होईपर्यंत अर्ज अडकतो. अमेरिका काही अर्जदारांना डीएस-५५३५ नावाचे प्रश्नपत्रक देते. त्यात गेल्या १५ वर्षांतले परदेश प्रवास, राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, भावंडांची आणि मुलांची नावे, शिवाय गेल्या ५ वर्षांतली फोन नंबरची, ई-मेलची आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती विचारतात.

हे वाचून मान खाली जाते, राग येतो. तो राग खोटा नाही. पण उत्तर रागात लिहू नका आणि भीतीपोटी काही लपवूही नका. 'आखातात काम केलेले सांगायला नको', 'जुने फेसबुक खाते दाखवायला नको', असले सल्ले ऐकू नका. जितकी पूर्ण माहिती, तितका तुम्ही त्या दुसऱ्या नावापासून लवकर वेगळे होता. वडिलांचे पूर्ण नाव, जन्मगाव, जुने पासपोर्ट क्रमांक, सगळे द्या. मग वाट पाहावी लागते. ती कधी काही आठवड्यांची असते, कधी महिन्यांची. या काळात न परतणारे तिकीट काढू नका. बाळंतपणाची तारीख जवळ असेल तर सासरच्यांनी किंवा मैत्रिणींनी काय करायचे याची दुसरी सोय आधी लावून ठेवा. म्हणजे इकडे आईचा आणि तिकडे मुलीचा जीव टांगणीला लागणार नाही.

उत्तर कसे पाठवावे

मागणीचा ई-मेल आल्याबरोबर आधी तो खरा आहे ना ते पाहा. ज्या अधिकृत खात्यातून अर्ज केला तिथे जाऊन तपासा. कागदांसाठी 'तातडीची फी' दुसऱ्याच खात्यात मागणारा ई-मेल फसवणुकीचा असतो. अर्ज भरताना ई-मेल आणि मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या. एजंटाने स्वतःचा दिला तर मागणी त्याच्याकडे जाते आणि मुदत कधी संपली ते तुम्हाला कळतही नाही.

मग मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मागितलेले कागद वहीत एक, दोन, तीन असे मांडा आणि प्रत्येकासमोर आपल्याकडे काय आहे ते लिहा. एका पानाचे इंग्रजी पत्र तयार करा. वर अर्जाचा क्रमांक, पासपोर्टवरचे नाव आणि क्रमांक. खाली त्याच अनुक्रमाने उत्तरे. उदाहरणार्थ, 'क्रमांक १ मध्ये मागितलेला विवाहाचा पुरावा सोबत जोडला आहे. माझे लग्नाआधीचे नाव वेगळे होते, त्याचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे.' 'क्रमांक २ मधील जन्मदाखला उपलब्ध नाही, कारण त्या वर्षी गावात नोंद झाली नव्हती. नोंद नसल्याचा दाखला आणि शाळेचा दाखला जोडला आहे.' इतके साधे.

जो कागद नाही तो नाही असे सरळ लिहा. गप्प राहू नका. मागितले नाहीत असे पन्नास कागद पाठवू नका, त्यांत मागितलेला हरवतो. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा असावा, दोन्ही बाजूंचा असावा, आणि फाइलला त्यात काय आहे ते नाव द्यावे. मुदतीत एखादा कागद मिळणार नसेल तर त्याच मार्गाने लेखी मुदतवाढ मागा आणि तोवर बाकीचे पाठवा. पाठवलेल्या सगळ्याची एक प्रत घरी ठेवा. पुढच्या अर्जात हीच माहिती पुन्हा विचारतात, आणि तेव्हा उत्तर बदललेले चालत नाही.

भेटीचे कारणही खरे लिहा. 'पर्यटन' लिहून मनात बाळंतपण ठेवू नका. मुलीला भेटायला, तिला बाळंतपणात सोबत करायला इतके आठवडे जात आहे, असे लिहिण्यात काही गैर नाही. ब्रिटनच्या नियमांत आजीने छोट्या भेटीत नातवंडाला सांभाळणे बसते, पगारी आया म्हणून काम करणे बसत नाही.

खोट्या कागदाची किंमत

याच टप्प्यावर गल्लीतला कोणीतरी हुशार माणूस भेटतो. "खात्यात पंधरा दिवस पाच लाख ठेवून देतो, व्याज एवढे." "नोकरीचा दाखला माझ्याकडून घ्या." "निकाहनाम्यावरची तारीख बदलून आणू." आईला मुलीकडे पोहोचायची घाई असते, आणि मन म्हणते, एवढ्याने काय होते?

खूप काही होते. ब्रिटनच्या अर्जात फसवणूक सापडली तर १० वर्षे बंदी येऊ शकते. कॅनडा खोट्या माहितीसाठी ५ वर्षे दार बंद करते. अमेरिकेत जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीची अपात्रता आयुष्यभराची असते, खास सूट मिळाली तरच ती उठते. शेंगेन देशांची माहिती एकाच यंत्रणेत ५ वर्षे राहते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश बोटांच्या ठशांवरून एकमेकांकडे माहिती ताडून पाहतात. म्हणजे एका अर्जातला खोटा दाखला दुसऱ्या देशाच्या खिडकीवर समोर येतो. हा भार फक्त अर्ज करणाऱ्या अम्मीवर राहत नाही. तिला बोलावणाऱ्या मुलाच्या शब्दावरही पुढे शंका येऊ शकते. एक भेट हुकली तर पुढच्या वर्षी होईल. दहा वर्षे हुकली तर नातू शाळेत जायला लागलेला असेल.

एवढे करूनही नकार आला, तर नकाराचे पत्र नीट वाचा. शेंगेनच्या पत्रावर कारणाच्या चौकटीत खूण असते आणि अपील करण्याचा हक्क असतो. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाला बहुधा अपील नसते, पण पत्रात दिलेले कारण दूर करून नवा अर्ज करता येतो. तेच कागद घेऊन आठ दिवसांत पुन्हा धावू नका. आणि पुढच्या कोणत्याही देशाच्या अर्जात 'आधी नकार मिळाला होता का?' असे विचारले तर 'हो' लिहा. मिळालेला नकार सांगण्याने अर्ज बुडत नाही, लपवण्याने बुडतो.

मूल शाळेत आहे तोवर

शेवटी शिक्षिका म्हणून एक विनंती. कागदांतल्या या बहुतेक अडचणी व्हिसाच्या वेळी तयार होत नाहीत. त्या मुलाचे नाव पहिलीत घालताना तयार होतात. जन्मदाखला न आणता तोंडी नाव सांगितले जाते, 'आता घाला, मग बघू' म्हणतात, आणि ते 'मग' तीस वर्षांनी परदेशी वकिलातीत उगवते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच शाळाप्रवेशाचा आणि पासपोर्टचा मुख्य पुरावा ठरला आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर बाळाचे नाव ठरले की ते दाखल्यावर लगेच घालून घ्या. स्पेलिंग आई-वडिलांच्या पासपोर्टशी किंवा आधारशी जुळवा.

मूल शाळेत शिकत आहे तोवर रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणे त्यातल्या त्यात सोपे असते. शाळा सोडल्यावर ते फार अवघड होते. विशेषतः दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी आम्ही नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख तपासायला घरी पाठवतो, तेव्हा तो कागद न वाचता सही करून परत पाठवू नका. मुलीच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या, कारण पुढे लग्नानंतर तिच्याच नावात सगळ्यात जास्त बदल होतात.

आज रात्री जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅनकार्ड, पासपोर्ट आणि निकाहनामा एकत्र मांडा. एकेक अक्षर मिळवून पाहा. जिथे फरक दिसेल त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि दर महिन्याला एक दुरुस्ती करून घ्या. वर्षभरात घराची फाइल सरळ होईल. मग मुलीचा फोन आला की अम्मीला बॅग भरायची फिकीर असेल, कागदांची नाही.

खुदा हाफिज.